जयवंता आत्या आणि बंद पाकीट

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत दुपारी पोस्टमन यायचा तो नाव पुकारत यायचा. कार्ड असलं तर पुकारता पुकारता अर्धं वाचूनही टाकायचा. "नत्थूजी, तुमच्या साळ्याले पोरगी झाली गा!" यात कोणाला वावगं वाटत नसे. कार्ड सगळ्यांचंच असतं, त्यावर लपवण्यासारखं कोणी लिहीतच नाही. पण पाकीट आलं की गल्लीचे कान टवकारायचे. पाकीट म्हणजे एक तर कोर्टाचं काम, नाही तर काही भानगड.

माझ्या नावाचं पहिलं पाकीट आलं ते चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत. मी नववीत होते, चौदा वर्षांची.

त्याआधी आत्याबद्दल सांगते. जयवंता माझ्या वडिलांची मोठी बहीण. उमरेडजवळच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आई मी लहान असतानाच गेलेली. पुढं शिकायचं म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी मला नागपूरला आत्याकडे आणून सोडलं. माझी पेटी खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, पोट्टी तुह्या हवाली आहे. कोणाचं एक बोट उठलं, की मी तिले नेतो आणि उजवून टाकतो." आत्या म्हणाली, "बोटं तर लोकाईले दहा-दहा असतात. तू जेव पहिले."

घर म्हणजे एक खोली आणि मागची पडवी. खोलीत अर्ध्या जागेत माग. आत्याचे यजमान त्यावर लुगडी विणायचे. ते गेल्यावर तिनं धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणं सोडलं आणि स्वतःच मागावर बसली. बाई मागावर बसली म्हणून आधी लोक हसले, मग विणकरांच्या सोसायटीत तिचं लुगडं पहिल्या नंबराचं ठरायला लागलं तेव्हा गप्प झाले. सकाळी मागाला हात लावून तो हात कपाळाला लावायची, मग बसायची. तिची पूजा एवढीच. कोनाड्यात देवी होती, तिच्यापुढं संध्याकाळी दिवा लावायचं काम मात्र माझं.

आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण लुगड्यावरून तळवा फिरवला की ते कोणी विणलं हे ती सांगायची. प्रत्येकाचा फणीचा ठोक वेगळा असतो, कोणाचा हलका, कोणाचा दाबून. एकदा शेजारच्या प्रेमिलाचा नवरा तापानं पडला, म्हणून त्याच्या भावानं लुगडं पुरं केलं आणि कोणाला सांगितलं नाही. आत्यानं ते मांडीवर घेतलं, हात फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. "इथून दुसरा बसला." प्रेमिला तोंडात पदर घालून हसत सुटली.

तर पाकीट. शाळेत एक मासिक यायचं, त्यात पत्रमैत्रीचं पान होतं. नाव, वय, छंद, पत्ता. मी आपलं नाव पाठवलं आणि कोणाला बोलले नाही. छापून आलं, आणि महिन्याभरात वर्ध्याहून चंद्रकला नावाच्या मुलीचं पत्र आलं. तीही नववीतच.

मी शाळेतून आले तेव्हा गल्लीतल्या चार बाया आमच्या दारात होत्या. नत्थूजी आपलं पानाचं दुकान सोडून आला होता. तो गल्लीचा वाचणारा. चौथी शिकलेला, आवाज खणखणीत. सगळ्यांची पत्रं तो दुकानाच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचा.

"जयवंताबाई, द्या इकडे, वाचून देतो," तो म्हणत होता. "पोरीचं वय वाईट. आत काय आहे ते मोठ्या माणसाले माहीत पाहिजे."

"नाव कोणाचं आहे वर?" आत्यानं विचारलं.

"पुष्पलता चंपतराव."

"तुमचं नाव पुष्पलता आहे का?"

बाया हसल्या. नत्थूजीचा चेहरा पडला. "मी भल्यासाठी सांगून राहिलो. उद्या काही झालं तर म्हणू नका."

"झालं तर मले होईल. तुमचा चुना वाळून राहिला तिकडे."

पाकीट तिनं कोनाड्यात देवीपुढच्या ताटलीखाली ठेवलं होतं. तिथं कोणी हात लावत नाही. मी हात धुऊन ते घेतलं आणि पडवीत जाऊन वाचलं. ती विचारेल म्हणून मी वाट पाहत होते. तिनं विचारलं नाही. फक्त संध्याकाळी एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. तिच्या यजमानांचा तंबाखूचा डबा तो, घासून लख्ख केलेला, तरी वास होताच.

"हा तुहा. मी याले हात लावणार नाही. तू मले पाहिजे तेवढं सांग, नाही पाहिजे ते नको सांगू."

"तुला भीती नाही वाटत, आत्या?"

"वाटते नं. काहून नाही वाटणार? पण भेव मले वाटते, म्हणून चिठ्ठी तुही फोडू का?" मग कोनाड्याकडे बघून म्हणाली, "देवी साऱ्यांच्या मनातलं वाचते. पण कोणाले जाऊन सांगते का? सांगत असती, तर तिच्यापुढं कोणी बसलं असतं का?"

त्या वेळी मला ते नुसतं बोलणं वाटलं. त्यामागं काय होतं ते नंतर कळलं.

चंद्रकलेची पत्रं येत राहिली. साधीच. शाळा, भूगोलाच्या बाई, तिच्या गायीचं वासरू. हसायला यायचं असं ती लिहायची. घरात एक भाडेकरू होता, त्याच्याबद्दल तिनं लिहिलं होतं: "हा केसांना इतकं तेल लावतो की भिंतीला टेकला तर डाग पडतो. दर वाक्याला 'समजलं की नाही' म्हणतो. बाबांना वाटतं फार शिकलेला आहे. मी त्याचं नाव 'समजलंकीनाही' असंच ठेवलंय." मी ते वाचून एकटीच हसत बसले होते. आत्या मागावरून म्हणाली, "हास हास. तुह्या हसण्यानं माहा धोटा चुकला." पण काय ते विचारलं नाही.

दिवाळीनंतर सातवं पत्र आलं. मी दहावीत गेले होते. घरात शिरले तर आत्या मागावर नव्हती. कोनाड्याजवळ उभी होती.

"पुष्पे, हे पाकीट त्या पोरीनं नाही लिहिलं."

मला काय झालं कोण जाणे. डोक्यात सणक गेली. "तू पत्र फोडलंस?"

"पाहा नं, बंद आहे."

"मग तुला काय कळतं? तुला तर वाचताही येत नाही! नत्थूजीला दाखवलं असशील तू. तोच सांगून गेला असेल."

बोलून गेले. आत्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ती रागावली नाही. जमिनीवर बसली, पाकीट मांडीवर ठेवलं आणि माझ्या नावावरून बोट फिरवलं, लुगड्यावरून फिरवावं तसं.

"वाचाले नाही येत, खरं आहे. पण सहा पाकिटं माह्या हातून आली. ती पोरगी तुहं नाव लिहिते तर धावते. शेवटी आली की वर चढते. हे नाव बसलेलं आहे. कोणीतरी तिचं पाहून पाहून काढलं. पाहून विणलेला काठ असाच होते, बरोबर असते पण जड असते." तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. "घे. आत काय आहे ते तुहं."

पडवीत जाऊन मी फोडलं. अक्षर मला चंद्रकलेचंच वाटलं. पण मजकूर तिच्यासारखा नव्हता. वासरू नाही, बाई नाहीत. रविवारी ती नागपूरला येणार होती. महाराजबागेत वाघाच्या पिंजऱ्यापाशी तीन वाजता ये, एकटीच ये, तुझा एक फोटो आण, घरी कोणाला सांगू नको, गंमत आहे.

मी जुनी पत्रं काढून शेजारी ठेवली. आत्या म्हणते तसं माझं नाव खरंच त्यांत वर चढत होतं. नव्यात चढत नव्हतं. तरी मी मनाला समजावलं, घाईत लिहिलं असेल. दहा महिन्यांची मैत्रीण पहिल्यांदा भेटणार होती. आणि खरं सांगायचं तर आत्यानं सांगितलं म्हणूनच मला ते खरं मानायचं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर मी वेणी घातली, निळा स्कर्ट चढवला. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगायचं ठरवलं होतं. आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या वेणीकडे पाहिलं.

"एकच विचारतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही 'विचारतो', 'जातो' असंच म्हणतात. "चिठ्ठीत काय आहे ते नको सांगू. 'घरी सांगू नको' असं लिहिलं आहे का?"

मी उंबऱ्यावर उभी. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण काही निघेना.

"बस," आत्या म्हणाली. "समजलं. आता मी तुले कोंडलं तर तू उद्या जाशील, मले न सांगता. जा. पण मी मागून येतो. वीस पावलं. तुही मैत्रीण निघाली तर मी तोंड फिरवून घरी येतो. तिले समजणारही नाही की मी कोण."

"आणि नाही निघाली तर?"

"तर वीस पावलं काही लांब नाहीत."

ती सूप आत ठेवून, पायात चपला अडकवून निघाली. नत्थूजीनं दुकानातून विचारलंच, "दोघी नटून कुठं, जयवंताबाई?"

"वाघ पाहाले."

"ह्या वयात?"

"तुम्हाले रोज पाहून कंटाळा आला."

गांधीबाग, कॉटन मार्केट, सीताबर्डी असं आम्ही चालत गेलो, मी पुढं, ती मागं. मध्ये एकदा मी वळून पाहिलं तर ती दुकानाच्या पाटीकडे बघितल्यासारखं करत होती, वाचता येत असल्यासारखी. मला हसू आलं आणि रडूही.

बागेत रविवारची गर्दी. वाघ पाठ करून झोपला होता. आत्या शेंगांचा पुडा घेऊन गवतावर बसली. मी पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभी. तीन वाजले, सव्वातीन झाले. माझ्या वयाची एकटी मुलगी कुठं दिसेना. मग तिशीचा एक माणूस जवळ आला. टेरिलीनचा शर्ट, केस चपचपीत.

"तूच पुष्पलता ना? मी चंद्रकलाचा मामा. ती बाहेर रिक्षात बसली आहे. उन्हानं तिला चक्कर आली, समजलं की नाही. चल, तुला बोलावते आहे. फोटो आणलास?"

समजलं की नाही.

हा माणूस मला ठाऊक होता. त्याच्या तेलाचा डाग चंद्रकलेच्या घरच्या भिंतीला पडतो तेही ठाऊक होतं. मी कठडा सोडला नाही. त्यानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, आपण लहान मुलाला धरतो तसं.

"काय गा भाऊ, शेंगा खातं?"

आत्या माझ्या आणि त्याच्यामध्ये येऊन उभी होती. पुडा त्याच्या नाकापुढं. त्याचा हात सुटला.

"तुम्ही कोण?"

"'घरी सांगू नको' म्हणून लिहिलं नं तू? मी तेच घर आहे." मग तिनं मागावरच्या खडखडाटात बोलायचा आपला आवाज काढला. "पोरगी रिक्षात आहे म्हणतं? आण नं इकडे! चक्कर आलेल्या पोरीले वाघ पाहून बरं वाटते. आम्ही इथंच बसतो, बाग बंद होईपर्यंत. जा, आण!"

लोक वळून पाहायला लागले. तो काहीतरी पुटपुटला आणि फाटकाकडे गेला. आम्ही खरंच बसलो. आत्यानं चौकीदाराला बोलावून तो माणूस दुरून दाखवला. "याले पाहून ठेवा दादा. हा पोरी बोलावते." तो परत आला नाही, आणि रिक्षात कोणी नव्हतंच. आत्यानं मला शेंगा सोलून दिल्या. दाणे खाली पडत होते आणि टरफलं माझ्या हातात येत होती. तेव्हा मला कळलं की तीही घाबरली होती, माझ्याइतकीच.

घरी येऊन मी दार लावलं. डबा काढला आणि आत्यापुढं सगळी पत्रं वाचली. तिनं मागितली नव्हती. मीच वाचली, पहिल्यापासून. भाडेकरूचं ते पत्र आलं तेव्हा ती म्हणाली, "हसली होतीस, तेच का हे?" आणि थोडी हसली. "ही पोट्टी चांगली आहे वं. हिच्यासाठी काहीतरी करा लागेल. तो हिच्याच घरात राहते."

मी विचारलं, "बाबांना सांगशील?"

"चिठ्ठी तुही, सांगणं तुहं. पण तिच्या बापाले सांगाच लागेल. लिही. कार्डावर लिही."

"कार्डावर? सगळे वाचतील, आत्या!"

"वाचू दे नं. म्हणूनच कार्ड. वर्ध्याच्या पोस्टमनले वाचू दे, गल्लीले वाचू दे. तुहं नाव नको, त्या पोरीचं नाव नको. माहं लिही."

चंद्रकलेच्या वडिलांच्या नावानं, तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. "बाबनराव यांस रामराम. तुमचा भाडेकरू लोकांच्या चिठ्ठ्या फोडतो, दुसऱ्याच्या नावानं लिहितो आणि पोरींना बागेत बोलावतो. आम्ही त्याला डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या घरी पोर आहे. पाहून घ्या. जयवंताबाई, तांडापेठ, नागपूर." कार्ड नत्थूजीच्या दुकानाशेजारच्या डब्यात न टाकता लकडगंजच्या डब्यात टाकून यायला सांगितलं. "इथल्यांनी नको वाचाले. तिथल्यांनी वाचाले पाहिजे."

पंधरा दिवसांनी चंद्रकलेचं उत्तर आलं. कार्डच होतं. पोस्टमननं गल्लीभर पुकारलं. आत्यानं हातात घेऊन नावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "धावते आहे. तीच."

भाडेकरूला हाकललं होतं. वर्ध्यात त्यांच्या गल्लीनं त्याची पेटी रस्त्यावर ठेवली होती. बाबनरावांना स्वतःला नीट वाचता येत नव्हतं. मुलगी कोणाला काय लिहिते याची काळजी वाटून, माझं प्रत्येक पत्र ते त्या शिकलेल्या माणसाकडून आधी वाचून घेत होते. तिला कळू न देता. तिची पत्रंही टाकायला त्याच्याच हाती देत होते. हे सगळं चंद्रकलेनं कार्डावर बारीक अक्षरात, वाकडं-तिकडं, कडेनं फिरवून लिहिलं होतं. शेवटी होतं: "बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आता मला कार्डच लिहायची परवानगी आहे. तू रागावू नकोस. वासरू मोठं झालं."

आत्यानं ते ऐकून कितीतरी वेळ मान हलवली. "बिचारा बाप. भल्यासाठीच केलं त्यानं. मीही नत्थूजीले दिली असती चिठ्ठी, तर तसंच."

"पण नत्थूजी तसा नाही, आत्या."

"नाही. तो वाईट नाही. तो नुसता मोठ्यानं वाचते."

मग ती उठली. पेटीच्या तळातून एक फडकं काढलं. त्यात तीन पत्रं होती, घड्यांवर विरलेली. तिचे यजमान लग्नानंतर दोन वर्षं हिंगणघाटच्या गिरणीत होते, तेव्हाची. ही तिला नत्थूजीनं वाचून दाखवली होती, दुकानाच्या ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर. पहिल्याच पत्रात असं काही होतं की लोक हसले, आणि वर्षभर तिला 'मलमवाली' म्हणून चिडवलं. तिनं नवऱ्याला निरोप धाडला, असं काही लिहू नका. मग पुढच्या दोन पत्रांत नुसतं 'मी खुशाल आहे, तू खुशाल राहा' एवढंच.

"मले आतापर्यंत एकही चिठ्ठी एकटीले ऐकाले भेटली नाही," ती म्हणाली. "हळू वाच. दाराकडे तोंड करू नको."

दुपारची वेळ होती, शेजारचे माग चालू होते. मी तिच्या कानाजवळ बसले आणि वाचलं. पाऊसपाणी, गिरणीची पाळी, खानावळीची भाजी. आणि मग: "जयवंता, तुझ्या टाचा थंडीत फुटतात हे माझ्या ध्यानात आहे. इथं एक मलम मिळते. येताना आणतो. तोवर रात्री तेल लावून झोपत जा, कामात विसरू नको."

ओट्यावर लोक याला हसले होते.

आत्यानं पाय पदराखाली ओढून घेतले. म्हणाली, "आणलं होतं त्यानं. पण तेव्हा मी रागानं लावलंच नाही. लोक हसतीन म्हणून." मग मला कोपरानं ढोसलं. "ते पुन्हा वाच वं. टाचाचं."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

वडिलांना बागेची गोष्ट मी पुढच्या जूनमध्ये सांगितली, मॅट्रिकचा निकाल हाती घेऊन. ते बहिणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तू मले एक कार्ड तरी टाकाचं होतं." आत्या म्हणाली, "कार्ड सारे वाचतात, चंपत."

तो तंबाखूचा डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात आता माझी सात पाकिटं आणि तिची तीन पत्रं एकत्र आहेत. तिची तीन तिनंच शेवटच्या आजारात माझ्या हातात दिली, आणि दिल्यावर विचारलं, "कोणाले वाचून नाही दाखवणार नं?" मी नाही म्हटलं. तीनपैकी एकातल्या चार ओळी आज इथं लिहिल्या. लिहायच्या आधी दिवा लावून आत्याला विचारलं. ती असती तर म्हणाली असती, टाचाचंच लिही, बाकीचं राहू दे. म्हणून बाकीचं लिहिलेलं नाही.